एकोणीस विहिरींच्या चित्रे मॅडम

विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा असला की चित्रे मॅडम आधी दहा घागरी पाणी उपसायच्या. स्वतः, पदर खोचून. वर साचून राहिलेलं पाणी बाटलीत येऊ नये, जमिनीतून नव्यानं झिरपलेलं यावं, असं त्याचं शास्त्रीय कारण होतं. पण उपसलेलं ते पाणी त्यांनी कधी ओतून दिलं नाही. विहिरीवर ज्या बाया असतील त्यांचे हंडे ओळीनं भरायचे, आणि शेवटचा हंडा भरला की मग आमची अर्ध्या लिटरची बाटली. त्यामुळे खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायकांना आमचा पंधरवड्याचा दिवस पाठ झाला होता. "मॅडमबाय आली गो," अशी हाक गेली की घराघरांतून रिकामे हंडे बाहेर यायचे. पाण्याचा अभ्यास करणारी बाई पाणी भरून देते, एवढंच त्यांना कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

पेणजवळच्या आमच्या तंत्रनिकेतनात मॅडम स्थापत्य शिकवायच्या. राहायच्या रोह्याला, वरसे गावात. यजमान तिथल्या एका कंपनीत शिफ्टला, एक मुलगा निखिल, कॉलेजात शिकणारा. रोज सकाळच्या गाडीनं त्या पेणला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय होता खाडीलगतच्या विहिरींमधला खारटपणा. भरतीचं पाणी बांध अडवतो, पण जमिनीखालून सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला बांध नसतो. ते उन्हाळ्यात कुठवर आत येतं आणि पावसानंतर कुठवर मागं हटतं, हे त्यांना मोजायचं होतं.

मी तेव्हा पदविका घेऊन नुकतीच प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. खाडीकाठच्या आगरी गावातली मी पहिली शिकलेली मुलगी. मॅडमनी पहिल्याच दिवशी बोलावून घेतलं. मला वाटलं, मार्क विचारतील.

"तुमच्याकडं उन्हाळ्यात डाळ शिजते का?" त्यांनी विचारलं.

"मार्चनंतर नाय शिजत, मॅडम. आई डोंगराकडच्या बावीचं पाणी आणते डाळीपुरतं."

"मार्चच्या सुरुवातीला की शेवटी?"

मी विचार करून म्हटलं, "होळीच्या आसपास." त्यांनी वही उघडली आणि लिहून घेतलं. माझ्या आईची डाळ कुणी वहीत लिहील असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर फिरायला लागले.

एकोणीस विहिरी होत्या. कॉलेजची जुनी जीप मिळाली तर जीप, नाहीतर भाड्याची रिक्षा, नाहीतर बांधावरून चालत. मॅडमचे नियम थोडे पण पक्के. "बाटली भरली की आधी लेबल, मग घाम पुसायचा." मी एकदा म्हटलं, एवढं लक्षात राहतं हो. तर म्हणाल्या, "आठवणीवर सोडायला आपण काय कीर्तनकार आहोत? लिही." प्रयोगशाळेत नमुन्यांतलं मीठ, म्हणजे क्लोराइड, तपासताना सिल्व्हर नायट्रेट बोटांवर सांडायचं आणि आठवडाभर काळे डाग राहायचे. हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्यांच्या बोटांकडे बघायच्या. त्या बोटं लपवायच्या नाहीत. "क्लोराइड," एवढंच सांगायच्या आणि वाण घ्यायच्या.

त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक विहिरीला एक रांग होती आणि प्रत्येक पंधरवड्याला एक रकाना. "रांग तुटता कामा नये," हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. मला ते इतकं पटलं होतं की त्यांच्यापेक्षा मीच जास्त पाळायचे.

आता फेब्रुवारीतल्या त्या दिवसाबद्दल सांगायला हवं.

विहिरीवर जागच्या जागी खारटपणा दाखवणारं एक मीटर आमच्याकडे होतं. त्याची बॅटरी मॅडम घरी चार्ज करून आणायच्या, कारण कॉलेजात विजेचा भरवसा नव्हता. त्या दिवशी बॅटरी वरशाला राहिली. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. नुसत्या बाटल्या भरू, मीटरचं एक वाचन गेलं तर गेलं." आणि त्या तासाला निघून गेल्या.

मी ऑफिसात जाऊन त्यांच्या घरी फोन केला. मला कुणी सांगितलं नव्हतं. निखिलनं उचलला. मी बॅटरीचं सांगितलं. तो म्हणाला, "आणतो की, त्यात काय."

तासाभरानं तो आला. त्याच्या मोटारसायकलची टाकी लाल होती, नवीनच होती. बॅटरी त्यानं पिशवीत नीट गुंडाळून आणली होती. म्हणाला, "आईला सांग, तिनं मुलगा नाही, कुरियरवाला पाळलाय." मी म्हटलं, थांब ना, तास सुटेल आता. तो म्हणाला, "नको, बाबा फर्स्ट शिफ्टवरून येतील, त्यांना जेवण गरम करून द्यायचंय." जाताना त्यानं वर्गाच्या खिडकीतून हात हलवला. मॅडम फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होत्या. त्यांनी पाहिलं नाही. पहिल्या बाकावरची मुलं हसली.

दुपारभर आम्ही विहिरी केल्या. मीटर चाललं. रांग तुटली नाही. मॅडमनी बॅटरी कशी आली ते विचारलं, मी म्हटलं निखिल देऊन गेला, आणि त्या म्हणाल्या, "अरे वा." फोनचं मी बोलले नाही. संध्याकाळी परतलो तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी प्राचार्य उभे होते. त्यांच्याबरोबर रोह्याहून आलेले मॅडमचे दीर होते. रोह्याच्या अलीकडे, निडीच्या जवळ रस्त्याच्या वळणावर, ट्रक. दुपारी एकच्या सुमाराला. त्या वेळी आम्ही दुसऱ्या विहिरीवर होतो. वेळ वहीत लिहिलेली आहे.

मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी बाटल्यांची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "थंड जागी ठेव." मग त्या दिरांबरोबर गाडीत बसल्या.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. वरशाच्या घरी मी दोनदा जाऊन आले. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, ओट्यावर बसून असायचे. त्यांच्यासमोर चहा आणून ठेवला जायचा आणि तसाच उचलला जायचा. मॅडम आतून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होत्या. काळे डाग बोटांवर तसेच होते. मला कुणी काही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारावं.

तीन आठवड्यांनी त्या कामावर आल्या. पहिला तास घेतला, मग प्रयोगशाळेत येऊन नोंदवही उघडली.

"या पंधरवड्याचं?"

"नाय घेतलं, मॅडम." मला त्या दिवशी विहिरीवर जाववलं नव्हतं. मी घाईनं पुढं म्हटलं, "पण आधीचं आहे, पुढचं येईल. दोन्हींच्या मधला आकडा धरला तर फार फरक नाय पडणार."

"नाही," त्या म्हणाल्या. "जे मोजलं नाही ते नाही." त्यांनी पट्टी घेतली आणि एकोणीसही चौकोनांतून एक सरळ रेघ मारली. नंतर विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी तोच रकाना सरासरीनं भरा म्हणून सुचवलं, तेव्हाही त्या नाही म्हणाल्या. प्रबंधात त्या तक्त्याखाली एक ओळ आहे: 'संशोधिकेच्या घरातील मृत्यूमुळे या पंधरवड्याची नोंद नाही.' परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही.

त्यांचा आवाज बदलला नाही, शिकवणं बदललं नाही. फक्त कशालाही उत्तर म्हणून त्या "बरं" म्हणू लागल्या. चहा आणू का? बरं. मुलं संपावर जाणारेत. बरं. एका सहकाऱ्याच्या सुनेचं बाळंतपण झालं म्हणून प्राध्यापकांच्या खोलीत पेढे आले, मॅडमनी पेढा घेतला, बरं म्हणाल्या आणि तो हातात धरून वर्गावर गेल्या. मी त्यांच्यामागून चालत असायचे. माझंही तेच झालं होतं. जेवण जायचं, झोप यायची, पण मनाला काही लागत नव्हतं.

एप्रिलमध्ये पेण शहरातल्या रहदारीची मोजणी कॉलेजकडे आली. बस स्टँडजवळच्या नाक्यावर बसून कुठली वाहनं किती जातात ते टिपायचं. गावात मोटारसायकली फार वाढल्या होत्या, त्यामुळे त्यांचा वेगळा रकाना होता. कामाची यादी जानेवारीतच लागली होती आणि तिच्यात मॅडमचं नाव होतं. प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांचं नाव काढतो, तूच सांग. मी सांगितलं.

"यादीत आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग."

सकाळी आठला आम्ही दोघी लाकडी बाकावर बसलो. मी म्हटलं, "मॅडम, दुचाक्या मी घेते."

"नको. ट्रक तू घे."

मी ट्रक घेतले. त्या मोटारसायकली मोजत होत्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की त्यांनी छापील कागदाच्या समासात आणखी एक रकाना आखलाय. प्रत्येक गाडीपुढं एक आकडा, एक, दोन, तीन, चार.

"हे काय, मॅडम?"

"बसलेली माणसं."

"ते विचारलं नाही त्यांनी."

"गाडी मरत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढची रेघ मारली.

पेणच्या रस्त्यावरून काय काय जात होतं. मूर्तिकारांच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. मातीची पोती, काथ्या, साचे, सगळं दुचाकीवरून. एक जोडपं आलं, मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर बिनरंगाचा पांढरा गणपती, तिनं त्याला लेकरासारखं धरलेलं. मी विचारलं, "मॅडम, गणपती धरायचा का?"

"माणसं दोन. गणपती सामानात." एरवी त्या हसल्या असत्या.

दहाच्या सुमाराला आमच्याच कॉलेजचा एक मुलगा मोटारसायकल थांबवून उभा राहिला. "नमस्कार मॅडम. मला धरलंत का मोजणीत?"

"धरलं."

"एकटाच आहे."

"एक लिहिलंय. पुढं जा आता, उभा राहिलास तर मागच्यांची अडचण." तो गेला. त्याची टाकी लाल नव्हती, निळी होती. आम्ही दोघींनीही पाहिलं.

मग कागदावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "फोन तू केलास ना?"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. दोन ट्रक मोजायचे राहिले. ते मी नंतरही भरले नाहीत.

"व्हय," मी म्हटलं. गावची बोली तोंडात आली. "मीच केला. तुम्ही राहू दे म्हटलं होतं. मीच केला, मॅडम."

"ऑफिसातल्या शिपायानं सांगितलं मला. तेराव्यालाच. तू सांगतेस का ते बघत होते."

"सांगायचं होतं."

"बरं."

"मॅडम, मला..."

"मंदा," त्या म्हणाल्या, "मी विसरले बॅटरी. तू फोन केलास. साहेबांनी गाडी घेऊन दिली. ट्रकवाला वळणावर बाहेर आला. कुठला आकडा काढून टाकला तर बेरीज बदलेल, ते मी रोज करून बघते. तू नको करूस." मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "एस.टी. आली. लिही."

मी एस.टी. लिहिली. बारा वाजेपर्यंत आम्ही मोजत राहिलो. पण त्या दुपारी घरी जाऊन मी जेवताना आईपुढं रडले, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मेमध्ये आमच्या गावानं नळयोजनेसाठी बोअर मारायचं ठरवलं. जागा निवडली होती खाडीच्या बाजूची, कारण ती गावकीची होती आणि कुणाला विचारावं लागत नव्हतं. मॅडमना मी सांगितलं. आमच्या गावच्या दोन विहिरी त्यांच्या एकोणीसमध्ये होत्या. ग्रामसभेला त्या स्वतःहून आल्या, भर उन्हात, एस.टी.तून उतरून बांधावरून चालत.

सरपंच नात्यानं माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना म्हणाले, "मॅडम, तिथं पानी गोडा लागला. आम्ही चाखून बघितला हाय."

"आत्ता गोड आहे," मॅडम म्हणाल्या. "पंपानं रोज ओढाल तसतशी खाडी खालून आत येईल. एकदोन उन्हाळे गोड लागेल. मग बोअर जाईल, आणि तिच्यामागून तुमची बावही जाईल. डोंगराच्या बाजूला घ्या."

"डोंगराकडं जागेची भांडणा हायत."

"भांडणं मिटतात. खारं पाणी मागं जात नाही."

"लिहून द्याल?"

"लिहूनच आणलंय." त्यांनी पिशवीतून कागद काढले. चार वर्षांचे आकडे, आमच्या दोन विहिरींचे, मराठीत उतरवलेले. त्यात ती सरळ रेघही होती.

पुरुषांत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, कागदानं पाणी मिळत नाय. तेव्हा मागच्या बाजूनं माझी आई उठली. ती सभेत कधी बोलत नसे.

"नाना, ती बाय पोराला पोचवून महिन्यात परत हिरीवर आली. आमचे हंडे भरून देते. ती कशाला खोटा सांगल?"

मॅडम आईकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "त्याचा संबंध नाही, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही आकडे बघा."

पण बायकांनी आकडे बघितले नाहीत. त्या मॅडमकडे बघत होत्या. एकामागून एक म्हणाल्या, डोंगराकडं, डोंगराकडं. भांडणं मिटायला वर्ष लागलं, पण बोअर डोंगराकडं झाली. आजही चालते, आणि बावही गोडी आहे. मी हे मॅडमना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं." झालं हा शब्द त्यांनी जोडला, याचंच मला किती दिवस बरं वाटत होतं.

दीडएक वर्षानं त्यांना पीएच.डी. मिळाली. कॉलेजात सत्कार झाला. दारावरची पाटी मात्र त्यांनी बदलू दिली नाही. त्यानंतर काही वर्षांनी साहेबांनी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि दोघांनी साताऱ्याला, थोरल्या दिरांच्या जवळ जायचं ठरवलं. सामान बांधायला मदत म्हणून मी त्यांच्याबरोबर संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला निघाले. मे महिना होता. नागोठण्यानंतर डबा जवळजवळ रिकामा झाला. निडी स्टेशन आलं, गाडी थांबली, आणि मॅडम उठल्या.

"उतरू या," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं रोज दोनदा त्या या स्टेशनातून गेल्या होत्या. मी त्यांच्यामागून उतरले. आम्ही रस्त्याला लागलो आणि वळणापर्यंत चालत गेलो. तिथं काहीच नव्हतं. डांबर, वाळलेलं गवत, पलीकडे आदिवासी वाडीची चारपाच घरं. झाडाच्या सावलीत एक बाई पानाच्या द्रोणांत करवंदं मांडून बसली होती.

"करवंदा घेता काय, बाय?"

मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "तू इथलीच का?"

"व्हय. ता समोरचा घर."

"इथं एक मुलगा पडला होता. मोटारसायकलवरून. बरीच वर्षं झाली."

बाईनं वर बघितलं. आधी मॅडमकडे, मग माझ्याकडे, मग परत मॅडमकडे. "लाल गाडीवाला," ती म्हणाली. "मी व्हते. मीच धावले पयली. मानसा मागून आली."

"शुद्ध होती?"

"व्हती थोडी. पानी मागितला. मी घरातना तांब्या आनला, तोंडाला लावला. दोन घोट गेला पोटात. मंग त्याचा डोका माझे मांडीवर घेतला. जीप येवस्तवर तसाच व्हता."

मॅडमनी विचारलं, "कुठलं पाणी?"

"आमचे हिरीचा."

"गोड होतं?"

"गोडा, बाय. आमची हीर डोंगराकडली. ती कदी खारी नाय व्हत."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ उडाली आणि खाली बसली. मॅडम हळूहळू खाली वाकल्या आणि त्या बाईच्या शेजारी, मातीतच, बसल्या. करवंदांचा एक द्रोण कलंडला. तो कुणी सरळ केला नाही.

"तुझं नाव काय गो?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं खाडीकाठी फिरून त्यांच्या तोंडून 'गो' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"कमळी."

"कमळी," मॅडम म्हणाल्या. कमळीनं आपले करवंदांनी चिकट झालेले हात लुगड्याला पुसले आणि त्यांच्या पाठीवर ठेवले. मी थोडी लांब जाऊन उभी राहिले. रोह्याकडे जाणारी शेवटची एस.टी. आली, थांबली, कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं. मी हातानंच सांगितलं, जा.